घर ते गेट : कामावरच्या ये-जा प्रवासाचा अभ्यास करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न (कोल्हापूर परिसर)

एमबीए, एमएसडब्ल्यू किंवा पीएचडीसाठी कारखान्यांत सर्वेक्षण करणारे विद्यार्थी आणि औद्योगिक वसाहतींतले एचआर अधिकारी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. काहींना दोन ओळींचं उत्तर पुरतं, काहींना पुरत नाही.

कोल्हापूर ते केवढं? वीस मिनिटांत या टोकाचं त्या टोकाला जाता येतं. इथे हा विषय कशाला?

शहरापुरतं हे बरंचसं खरं आहे. पण अभ्यासाला हवा असलेला कामगार फक्त शहरात राहत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या तिन्ही ठिकाणी आसपासच्या गावांतून रोज अप-डाऊन करणारी माणसं आहेत. घर गावात, थोडी शेती, गोठ्यात एक-दोन जनावरं आणि नोकरी फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये अशी ही घडी आहे. सातच्या पाळीला गेटवर पोहोचायचं तर त्याआधी धार काढून दूध संस्थेत घालायचं असतं. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर उसाला पाणी पाजून झोप अर्धवट ठेवूनच निघायचं असतं. अशा माणसाचे पस्तीस मिनिटं आणि फ्लॅटमधून निघणाऱ्या माणसाचे पस्तीस मिनिटं प्रश्नावलीत एकाच रकान्यात पडतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो.

शिवाय अंतर कमी असलं तरी बेभरवसा कमी नसतो. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा फिरून फिरून येईल: सरासरी वेळेपेक्षा वेळेतला चढ-उतार जास्त बोलतो.

संघटनात्मक संशोधनात या प्रवासाला नेमकी जागा कुठे आहे?

खूप काळ ती नव्हतीच, म्हटलं तरी चालेल. वाहतूक अभियंत्यांनी प्रवास मोजला, अर्थशास्त्रज्ञांनी त्याची किंमत लावली. व्यवस्थापनाचे अभ्यासक मात्र गेटच्या आतच थांबले. घर-काम समतोलावर लिहिणाऱ्यांनी घर पाहिलं आणि काम पाहिलं. मधला रस्ता कुणाचाच नव्हता. आजही कित्येक प्रबंधांत ‘प्रवासाचा वेळ’ हा वय आणि शिक्षणाच्या शेजारी एक नियंत्रण चल (ज्याचा परिणाम फक्त बाजूला काढायचा तो घटक) म्हणून येतो आणि निकालाच्या तक्त्यात गाडला जातो.

तरीही पाच वाटांनी हा विषय आत आलेला आहे. आपला प्रश्न कोणत्या वाटेवरचा, हे आधी ठरवा.

पहिली वाट ताणाची. डॅनियल स्टोकोल्स, रेमंड नोवाको आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात १९७८ साली गर्दीच्या रस्त्याचा ताणाशी असलेला संबंध मांडला. त्यांची मध्यवर्ती कल्पना ‘अडथळा’ ही होती. पुढे नोवाको आणि सहकाऱ्यांनी तिचे दोन भाग वेगळे केले: अंतर, वेळ, सिग्नल हा मोजता येणारा अडथळा आणि माणसाला जाणवणारा अडथळा. १९९५ मध्ये मेनी कोस्लोव्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रवासाच्या ताणावर अख्खं पुस्तक लिहिलं.

दुसरी वाट भूमिकाबदलाची. ब्लेक ॲशफोर्थ, ग्लेन क्रायनर आणि मेल फ्युगेट यांनी २००० साली रोजच्या छोट्या भूमिकाबदलांवर लेख लिहिला. घरातला बाप कामावर सुपरवायझर होतो आणि संध्याकाळी परत बाप होतो. हा बदल घडायला जी जागा लागते, तिच्यात प्रवास बसतो.

तिसरी वाट विसाव्याची. कामावरून सुटल्यावर मन कामातून बाहेर पडतं की नाही, आणि परतीचा रस्ता त्याला मदत करतो की आणखी थकवतो, हा तिचा प्रश्न. चौथी अर्थशास्त्राची: लांबच्या नोकरीची भरपाई पगारातून किंवा स्वस्त घरातून खरंच होते का? पाचवी हजेरी, नोकरी सोडणं आणि भरती यांची. एचआर अधिकाऱ्याला रस बहुधा या शेवटच्या वाटेत असतो. विद्यार्थी मात्र पाचही वाटा एकाच प्रश्नावलीत कोंबायला जातात आणि साठ प्रश्नांचा गठ्ठा घेऊन गेटवर उभे राहतात. पाळी सुटल्यावर साठ प्रश्नांना उत्तरं द्यायला कोणी थांबत नाही.

मूळ अभ्यासांत काय सापडलं? ते इथे लागू पडतं का?

थोडं पडतं, थोडं नाही. ठळक अभ्यास असे.

डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तुकड्या-तुकड्यांत हिशेब घेतला. सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास दिवसातल्या सर्वांत नकोशा गोष्टींत आला. हा अभ्यास सर्रास ‘सगळ्यांना प्रवास नकोसा वाटतो’ असा उद्धृत होतो. तो फक्त स्त्रियांचा आणि फक्त एका राज्यातला होता.

अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनीच्या दीर्घकालीन घरटी पाहणीवरून दाखवलं की लांबचा प्रवास करणारे स्वतःला कमी समाधानी सांगतात. अर्थशास्त्राच्या हिशेबाने पगार किंवा घर यांतून भरपाई व्हायला हवी, ती पुरती होत नाही. याला त्यांनी प्रवासाचा विरोधाभास म्हटलं. पण ब्रिटनच्या माहितीवरचे काही अभ्यास एकूण समाधानाशी असा संबंध दाखवत नाहीत. निष्कर्ष एकमुखी नाहीत, हे प्रबंधात लिहा. एकाच बाजूचे संदर्भ देऊ नका.

इथे मोठा फरक घराचा आहे. त्या चर्चेमागे माणूस घर आणि नोकरी दोन्ही बदलू शकतो हे गृहीतक आहे. आपल्याकडे वडिलोपार्जित घर आणि शेत हलत नाही. नोकरी बदलते, घर नाही. त्यामुळे ‘स्वस्त घरासाठी लांब राहतो’ ही मांडणी गावाकडच्या कामगाराला लावलीत तर ती चुकेल. भाड्याने राहणारे, स्वतःच्या घरात राहणारे आणि शेती असलेले असे तीन गट आधीच वेगळे ठेवा.

गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर यांचं काम आम्हाला इथल्यासाठी सर्वांत उपयोगी वाटतं. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रेल्वेने जाणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) त्यांनी मोजलं. २००६ च्या अभ्यासात प्रवास जितका लांब, तितकं कॉर्टिसॉल जास्त आणि मुद्रितशोधनासारख्या कामातली चिकाटी कमी, असं आढळलं. २००२ च्या अभ्यासात अनिश्चिततेचा स्वतंत्र परिणाम दिसला. २००३ च्या अभ्यासात, गाडी न बदलता थेट जाणारी सेवा सुरू झाल्यावर ताण घटलेला दिसला. म्हणजे उतरा-चढायचं वाचलं तरी फरक पडतो. गावातून फाट्यापर्यंत वडाप (भरली की निघणारी जीप), फाट्यावरून एसटी आणि मग वसाहतीत चालत जाणाऱ्याला हे कुणी वेगळं सांगायला नको.

अंतर मोजू की वेळ?

वेळ. अंतरही नोंदवा, पण ते स्वतंत्र रकान्यात आणि नकाशावरून तुम्ही मोजा, कामगाराला विचारू नका. ‘किती किलोमीटर?’ या प्रश्नाला एसटीच्या टप्प्याचं, गाडीच्या मीटरचं किंवा निव्वळ अंदाजाचं उत्तर मिळतं.

वेळ दारापासून कामाच्या जागेपर्यंत धरा आणि तुकडे करा: घर ते थांबा, थांब्यावरची वाट, वाहनातला वेळ, उतरल्यापासून गेट, गेट ते मशीन. शेवटचा तुकडा लोक विसरतात. मोठ्या प्लांटमध्ये पार्किंगला गाडी लावणं, पंचिंगची रांग, कपडे आणि सेफ्टी बूट बदलणं यात दहा-बारा मिनिटं सहज जातात. वाटेत मुलाला शाळेत सोडणं, पेट्रोल, मंडईतली भाजी हे थांबे वेगळे लिहून घ्या. ते वजा करू नका. थांब्यासकट आणि थांब्याविना असे दोन आकडे ठेवा.

‘किती मिनिटं लागतात?’ असं सरळ विचारलं तर काय बिघडतं?

उत्तरं १५, ३०, ४५ आणि ६० वर ढीग करून बसतात. २६ किंवा ३८ कुणी सांगत नाही. त्यातही माणूस एक तर चांगला दिवस सांगतो (‘निघालो की पोचलो’), नाहीतर परवाच अडकला असेल तो वाईट दिवस सांगतो. म्हणून कालावधी विचारू नका, घड्याळ विचारा: आज घरातून किती वाजता निघालात? गेटवर किती वाजता? वजाबाकी तुम्ही करा.

चढ-उतार मोजायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

किमान दहा कामाचे दिवस रोज नोंद घ्या, म्हणजे प्रवासाची डायरी ठेवा. समजा, एका कामगाराच्या दहा सकाळच्या वेळा लहानाकडून मोठ्याकडे लावल्यावर अशा आल्या: २४, २५, २५, २६, २६, २७, २८, २९, ४१, ५८ मिनिटं.

सरासरी ३०.९ येते. मध्यक (मधोमधची वेळ) २६.५. दोन्ही आकड्यांवरून हा माणूस अर्ध्या तासाच्या आत-बाहेर जातो, असंच वाटेल. पण दहांपैकी नऊ दिवस वेळेत पोहोचायचं तर त्याला ४१ मिनिटं हाताशी ठेवून निघावं लागेल. ४१ वजा २६.५ म्हणजे साडेचौदा मिनिटं ही त्याची रोजची राखीव वेळ. ती रस्त्यावर जात नाही, झोपेतून किंवा गोठ्यातून जाते. बहुतेक दिवशी तो गेटबाहेर चहाच्या टपरीवर दहा-पंधरा मिनिटं आधी येऊन उभा असतो, आणि सुपरवायझरला वाटतं, ‘याला काय, जवळच राहतो.’

हा फरक, म्हणजे नव्वदावा शतमक (दहांपैकी नऊ दिवस जिच्या आत बसतात ती वेळ) वजा मध्यक, प्रत्येक व्यक्तीसाठी काढा आणि विश्लेषणात स्वतंत्र चल म्हणून घ्या. प्रमाण विचलन (वेळा सरासरीपासून किती पसरल्या याचं माप) घेतलं तरी चालेल, पण पंक्चर झालेला एकच दिवस ते फुगवतो. दहा दिवसांतून काढलेला नव्वदावा शतमकही नाजूकच असतो. जमल्यास वीस दिवस घ्या.

पंचिंग मशीनची नोंद असताना डायरी कशाला?

पंचिंग सांगतं गेटवर कधी आला. घरातून कधी निघाला ते सांगत नाही. शिवाय आधी येऊन बाहेर थांबलेला माणूस सातला पाच कमी असताना पंच करतो, म्हणून त्याचा प्रवास नियमित दिसतो. पंचिंगच्या वेळा पाळीच्या तोंडाशी दाटतात आणि खरा चढ-उतार झाकला जातो. मशीनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असणं हेही नेहमीचंच. पहिल्या दिवशी तपासून फरक लिहून ठेवा.

दोन्ही स्रोत वापरा. निघण्याची वेळ व्हॉट्सॲपवर एका अंकी संदेशाने मागवता येते: निघताना १, पोहोचल्यावर २. संदेशाची वेळ आपोआप नोंदली जाते. मात्र गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत बजावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा गेटवर फोन जमा होतो, त्यांना खिशात मावणारं छापील कार्ड द्या.

माणसं किती घ्यायची?

इथे माणूस आणि दिवस असे दोन स्तर आहेत. ४० कामगार, १० दिवस, म्हणजे सकाळच्या ४०० नोंदी. पण हे ४०० स्वतंत्र नमुने नाहीत, आणि तसं समजून साधं समाश्रयण (रिग्रेशन) चालवणं ही प्रबंधांतली ठरलेली चूक. बहुस्तरीय प्रतिमान (माणूस आणि दिवस हे स्तर वेगळे धरणारं मल्टिलेव्हल मॉडेल) वापरा आणि दोन प्रश्न वेगळे ठेवा: लांबून येणारा माणूस जवळच्यापेक्षा वेगळा आहे का, आणि तोच माणूस त्याच्या नेहमीपेक्षा वाईट दिवशी वेगळा वागतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त विश्वासाचं असतं, कारण तिथे माणूस स्वतःशीच ताडला जातो.

निघण्यापूर्वीचा मूड एका प्रश्नात विचारून ठेवा. घरून वैतागून निघालेल्याला रस्ताही वाईटच वाटतो. हे नोंदलं नसेल तर दोष रस्त्याच्या माथी बसतो.

परदेशी मापनश्रेणी भाषांतर करून वापरली तर चालेल का?

निवडून. लेन, हायवेवरून बाहेर पडणं, कारमधला एकांत यांवरची विधानं काढून टाका. दुचाकीवाल्यासाठी वेगळी विधानं लागतात: पाऊस आणि रेनकोट, समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड, रस्त्यावर सांडलेली माती, पाठीची कळ, मागे बसवलेला सहकारी. बस आणि वडापसाठी वेगळी: जागा मिळणं, गाडी भरेपर्यंत थांबणं, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जत. समान भाग सहा-सात विधानांचा ठेवा आणि वाहनानुसार चार-पाच जोडा. दहा जणांवर चाचणी घेतल्याशिवाय छापू नका.

वडापला ‘इतर’ रकान्यात टाकू नका. फाट्याफाट्यावरून भरून जाणारी जीप हे इथल्या मुख्य साधनांपैकी एक आहे आणि तिचं वेळापत्रक म्हणजे शेवटची सीट.

गैरहजेरीवर खरंच परिणाम होतो का?

जर्मनीतल्या माहितीवर व्हॅन ओमेरेन आणि गुतिएरेझ-इ-पुइगार्नाउ यांनी २०११ मध्ये मांडलं की सगळ्यांचा प्रवास नगण्य असता तर गैरहजेरी साधारण १५ ते २० टक्क्यांनी कमी असती. तो आकडा उचलून शिरोलीला लावू नका. पद्धत उचला.

हजेरी मस्टरवरून घ्या, कामगाराच्या आठवणीवरून नको. प्रवासाचा त्रासही तोच सांगणार आणि दांड्याही तोच सांगणार, तर दोन्ही उत्तरांत त्याचा स्वभाव उतरतो. मस्टरमध्ये मंजूर रजा, बिनपगारी, न कळवता गैरहजर आणि लेट मार्क वेगळे काढा. प्रवासाचा संबंध पहिल्यांदा लेट मार्कमध्ये दिसतो. काही कारखान्यांत ठरावीक लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतात. तिथे उशीर झालेला माणूस ‘अर्धा दिवस जाणारच, तर घरीच जातो’ असं ठरवतो आणि लेट मार्क गैरहजेरीत बदलतो. नियम न वाचता आकडे वाचलेत तर हे नजरेतून सुटेल.

आणखी एक सापळा: ज्यांना प्रवास झेपला नाही ते नोकरी सोडून गेलेले असतात. आज गेटवर भेटणारे ते टिकलेले. गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांची गावं एचआरकडून नावांशिवाय मिळवा आणि निदान अंतर तरी ताडून पाहा.

कोणत्या महिन्यात सर्वेक्षण करू नये?

‘करू नये’ असं काही नाही, पण महिना न सांगता निकाल छापू नये. साखर हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. अरुंद रस्त्यावर एका ट्रॉलीमागे वीस दुचाकी रखडतात, रात्री मागचा लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसेल तर धोका वेगळाच. नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीमुळे शहराच्या मध्यातले रस्ते बदलतात. चैत्र यात्रेला जोतिबाचा डोंगर भरतो.

पूर हा स्वतंत्र विषय आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. पण महामार्ग बंद होण्याच्या कितीतरी आधी गावाकडचे बंधारे पाण्याखाली जातात आणि नेहमीच्या रस्त्याऐवजी मोठा वळसा पडतो. म्हणून पावसाळ्यातल्या डायरीत रोजची पाणी पातळी आणि ‘आज नेहमीचाच रस्ता होता का?’ हा एक प्रश्न जोडा. कारखान्यासाठी यातून थेट निघणारं काम असं: कोणत्या पातळीला कोणत्या गावांचा रस्ता तुटतो याची यादी करायची आणि त्या दिवशीच्या गैरहजेरीला दंड लागू करायचा नाही. ही यादी एका पावसाळ्यात तयार होते.

प्रवासात चांगलं काहीच नसतं का?

असतं. पॅट्रिशिया मोख्तारियन आणि लोथलोरिएन रेडमंड यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या लोकांना आदर्श प्रवास किती हवा असं विचारलं, तर सरासरी उत्तर शून्य नाही, सुमारे १६ मिनिटं आलं. घर आणि काम यांच्यात थोडं अंतर हवं वाटतं.

परतीच्या प्रवासात हे जास्त दिसतं. तिघे-चौघे एकाच गाडीतून जाणारे सुपरवायझरला वाटेतच शिव्या देऊन मोकळे होतात आणि घरी हलके पोचतात. पण तोच जथा कामाचीच रड घरापर्यंत ओढत नेत असेल तर उलटंही होतं. म्हणून ‘वाटेत कामाबद्दल बोललात का?’ याच्या पुढे ‘बोलून बरं वाटलं का?’ हा प्रश्न हवाच. सकाळ आणि संध्याकाळ यांची बेरीज करून एक आकडा काढू नका. ते दोन वेगळे प्रवास आहेत.

स्त्री कामगारांसाठी वेगळं विश्लेषण लागतं का?

लागतं, आणि नमुना लहान असला तरी. ब्रिटनमधल्या २०११ च्या रॉबर्ट्स, हॉजसन आणि डोलन यांच्या अभ्यासात प्रवासाच्या वेळेचा मानसिक आरोग्यावर परिणाम स्त्रियांत दिसला, पुरुषांत नाही. त्याच्या कारणासाठी लेखक घरकाम आणि मुलांच्या जबाबदारीकडे बोट दाखवतात. इथे वाहन कुणाच्या हातात आहे हे विचारा. घरात एकच दुचाकी असेल तर ती बहुधा नवऱ्याकडे, आणि बाई फाट्यापर्यंत कुणाच्या तरी मागे बसून किंवा चालत. तिची वेळ दुसऱ्याच्या पाळीवर ठरते. ‘प्रवासाचं साधन: दुचाकी’ एवढ्यावर खूण केलीत तर स्वतः चालवणारी आणि मागे बसणारी एकच होऊन जाते.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार (तो दुकानं-कार्यालयांना लागतो, कारखान्यांना नाही) रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला काम द्यायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय लागते. गाडी फाट्यावर सोडते की दारात, हे कागदावर न पाहता गाडीत बसून तपासा.

कंपनीची बस सुरू केली तर प्रश्न सुटेल?

काहींचा सुटेल. आधी हिशेब करा. १२ थांबे आणि प्रत्येकी दीड मिनिट म्हटलं तर पहिल्या थांब्यावर चढणाऱ्याचे १८ मिनिटं निव्वळ थांबण्यात जातात. दुचाकीवर २५ मिनिटांत येणारा बसमध्ये पाऊण तास बसायला तयार होईल तो पावसात, रात्रपाळीत किंवा पेट्रोल परवडेनासं झाल्यावर. त्याचा खर्च असा काढा: एकेरी २२ किलोमीटर, रोज ४४, गाडीचं ॲव्हरेज लिटरला ५०, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे सुमारे २३ लिटर. त्याला चालू दर लावा आणि ऑइल, टायर, सर्व्हिसिंग वरून धरा. बसची वर्गणी याच्या निम्म्यापेक्षा वर गेली की माणसं गळायला लागतात.

बस फसण्याची ठरलेली कारणं: ओव्हरटाइम करणाऱ्याला परतीची सोय नसते, म्हणून तो पहिल्या दिवसापासून दुचाकीच आणतो. एका माणसासाठी बस थांबते आणि चाळीस जणांना लेट मार्क लागतो. थांबा गावात नसून हमरस्त्यावर असतो, म्हणून लोक तिथपर्यंत दुचाकीने येतात आणि गाडी कुणाच्या तरी दुकानासमोर लावून दुकानदाराची बोलणी खातात. पाळ्या दर आठवड्याला फिरतात पण मार्ग पहिल्या पाळीच्या गावांवरच आखलेला असतो. बस उशिरा आली तर तिच्यातल्या कुणालाही लेट मार्क नाही, हा एक नियम लेखी केला तरी वापर वाढतो.

पाळीची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली तर?

आधी तीन गोष्टींची वेळ तपासा: दूध संकलनाची, शाळेची आणि पहिल्या एसटीची. सातच्या ऐवजी साडेसात केल्याने गोठ्यावाल्याला मोकळीक मिळते, पण संध्याकाळची धार आणि दुसऱ्या पाळीची शेवटची गाडी यांचं गणित हलतं. एका विभागात चार आठवडे करून बघा आणि दुसरा विभाग तुलनेसाठी जुन्याच वेळेवर ठेवा. गोकुळ शिरगावसारख्या ठिकाणी शेजारचे कारखाने एकाच मिनिटाला सुटतात, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांचा फरकही गेटसमोरची कोंडी फोडतो. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो.

घरून काम?

भट्टीवरच्या माणसाला याचा उपयोग नाही. डिझाइन, अकाउंट्स, खरेदी विभागाला आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या चीनमधल्या कॉल सेंटर प्रयोगात (२०१५ मध्ये प्रसिद्ध) घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण ते सगळे स्वेच्छेने आलेले होते. एकाच गेटातून जाणाऱ्या दोन गटांपैकी एकालाच सवलत दिली तर दुसऱ्याला काय वाटतं, हा मात्र इथे करण्यासारखा अभ्यास आहे.

कामावर जाताना अपघात झाला तर तो ‘कामावरचा’ धरतात का?

पूर्वी कोर्ट बहुतेक वेळा नाही म्हणायचं. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली कलम ५१-ई आलं आणि घर ते काम या वाटेवरचा अपघात, वेळ-जागा-परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतला मानला जाऊ लागला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात हेच तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यालाही लावलं. पहाटे तीनच्या ड्युटीला जाताना कारखान्यापासून काही किलोमीटरवर त्याचा मृत्यू झाला होता. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही अशी तरतूद आहे.

व्यवहारात अडतं ते पुराव्यावर. पाळीचं वेळापत्रक, त्या दिवशीची हजेरी किंवा बोलावल्याचा संदेश, पंचनाम्यातली जागा आणि वेळ हे चार कागद लगेच गोळा करा. नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या कामाला वळल्याचं दिसलं तर दावा कमकुवत होतो. डायरीच्या अभ्यासात थोडक्यात टळलेले अपघातही नोंदवा. रात्रपाळी संपवून सकाळी परतणाऱ्यांच्या नोंदी वेगळ्या काढून पाहा.

सरकारी आकडेवारी वापरता येईल का?

पार्श्वभूमीपुरती. २०११ च्या जनगणनेत कामाच्या जागेचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं गेलं. पण ते फक्त ‘इतर कामगार’ गटासाठी, म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले वगळून. आणि वेळ विचारलेला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत नोंदला आहे, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांचे फरक त्यात शोधू नका.

जीपीएस लावावं का?

आकडे सुंदर मिळतात, विश्वास जातो. कामगाराला ती पाळतच वाटते आणि त्याचं चुकतंही नाही. लावायचंच असेल तर लेखी संमती, केव्हाही बाहेर पडायची मुभा, घराचा ठावठिकाणा पुसट करणं आणि व्यक्तीनिहाय माहिती कारखान्याला न देण्याचा लेखी करार, एवढं आधी करा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लक्षात ठेवा. सुपरवायझरच्या हातून प्रश्नावली वाटू नका आणि त्याच्याकडे गोळाही करायला देऊ नका. नाहीतर ‘मला काही त्रास नाही’ अशी शंभर उत्तरं मिळतील.

प्रवासाचा वेळ आणि समाधान यांच्यात संबंधच आला नाही. अभ्यास वाया गेला का?

नाही. आधी तीन गोष्टी तपासा. नमुन्यात सगळेच पंधरा ते तीस मिनिटांतले असतील तर संबंध दिसायला फरकच नाही. वाहनांचे गट एकत्र केले असतील तर दुचाकीवाल्यांचा संबंध एका दिशेने आणि बसवाल्यांचा दुसऱ्या दिशेने जाऊन बेरीज शून्य होते. आणि एकूण आयुष्याचं समाधान विचारलं असेल तर ते रोजच्या रस्त्याने फारसं हलत नाही. झोपेचे तास, घरच्यांसाठी मिळणारा वेळ आणि त्या दिवशीचा थकवा ही मापं आधी घ्यायला हवीत. तिन्ही तपासूनही संबंध नसेल तर तसंच छापा. राखीव वेळेचा आकडा मात्र त्याच तक्त्यात शेजारी द्या. परीक्षक आधी सरासरी विचारतील, कारखाना मात्र राखीव वेळेचाच आकडा मागायला परत येईल.